घोड्यावरून हिंडण्याच्या वाटा कशा शोधाव्यात? (पुरंदर, सुपे आणि करहेचा काठ)

करहाकाठ (धागालेखक)

नमस्कार. गेली सात वर्षे मी सासवड, जेजुरी, मोरगाव आणि सुपे या पट्ट्यात घोड्यावरून हिंडत आहे. मैदानात गोल फेऱ्या मारून मांड पक्की झाली आणि दुडकी (घोड्याची मध्यम वेगाची चाल) अंगवळणी पडली, की प्रत्येक स्वारापुढे एकच प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे आता जायचे कुठे? डांबरी रस्त्यावर नाल घसरतो आणि मागून येणाऱ्या मालमोटारीचा भरवसा नसतो. उभ्या पिकातून जाणे तर कोणत्याच अर्थाने योग्य नाही. डोंगरवेडी मंडळी ज्या वाटांचे वर्णन करतात त्यांतील बहुतेक वाटा घोड्याच्या उपयोगाच्या नसतात, कारण माणूस जिथे हात टेकून चढतो तिथे घोडा चढत नाही, आणि चढलाच तर त्याला उतरवणे अशक्य होते.

तरीही वाटा आहेत. या मुलखाला घोडा नवा नाही. भीमा आणि नीरा यांच्या खोऱ्यांत वाढलेली काटक भीमथडी तट्टे मराठ्यांच्या फौजेत होती. आज तीच तट्टे मुख्यतः मेंढपाळ धनगरांच्या बिऱ्हाडाचे ओझे वाहतात, आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशुआनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडे त्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंदही केली आहे. जिथे शतकानुशतके घोडा चालला, तिथली त्याची वाट पूर्णपणे पुसली जात नाही. ती कागदावर, माणसांच्या स्मरणात आणि जमिनीवर अशा तीन ठिकाणी तुकड्यातुकड्यांनी शिल्लक असते. हे तुकडे जोडण्याची माझी पद्धत येथे मांडतो आणि आपणा सर्वांचे अनुभव मागतो.

मी सुरुवात गावनकाशापासून करतो. गावनकाशात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेला असतो. गाडीमार्गाची रुंदी साधारण १६.५ ते २१ फूट आणि पायमार्गाची ८.२५ फूट धरलेली आहे, म्हणजे कागदावरचा पायमार्गसुद्धा घोड्याला पुरून उरतो. या नकाशावर चढउतार मात्र समजत नाहीत. त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलनकाशा जवळ ठेवावा. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटरचे अंतर असते. जिथे या रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसतात तिथे वाट दाखवलेली असली तरी मी ती घोड्यासाठी विचारात घेत नाही. जुन्या विहिरी, ओढे आणि देवळे या नकाशावर असल्यामुळे पाण्याचा अंदाजही घरी बसून बांधता येतो.

कागदानंतर माणसे. धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारे तळ, दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर देशावर परततात. त्यांची वाट एका पाणवठ्यावरून दुसऱ्या पाणवठ्याकडे जाते, कातळ टाळते आणि ओझ्याचा घोडा जिथे अडणार नाही अशाच ठिकाणी ओढा ओलांडते. आपल्याला याहून वेगळे काय हवे असते? मोरगावच्या पुढे एका वाड्यावरच्या म्हाताऱ्या बाबांनी मला पहिल्याच भेटीत सांगितले होते, “लांबची वाट धरा, पण खडकाची धरू नका. घोड्याचा पाय गेला की घोडंच गेलं.” त्यांनी दाखवलेला करहेचा उतार मी आजही वापरतो. नदीच्या दोन्ही काठांना तिथे मुरूम आहे आणि पात्रात बारीक वाळू आहे. त्याच्या अलीकडे अर्ध्या किलोमीटरवर दिसायला सोपा वाटणारा उतार आहे, पण तिथे पाण्याखाली शेवाळलेला कातळ आहे.

यानंतरची पायरी मी कधीही चुकवत नाही. कोणतीही नवी वाट मी आधी पायी चालतो आणि नंतरच घोडी घेऊन जातो. हा नियम मला एका अपघाताच्या उंबरठ्यावर शिकायला मिळाला. आश्विनातली सकाळ होती आणि माळावर गुडघाभर कुसळी गवत उभे होते. उपग्रहाच्या चित्रात तो सगळा माळ सलग आणि सपाट दिसत होता, म्हणून मी दुडकीवर निघालो होतो. माझी कुमैत घोडी एकाएकी पुढचे दोन्ही पाय रोवून थांबली आणि मी तिच्या मानेवर जाऊन आदळलो. मी टाच मारली तरी ती हलेना. कान ताठ पुढे, नाकपुड्या फुगलेल्या आणि नजर जमिनीवर. शेवटी खाली उतरून गवत बाजूला केले, तर तिच्या खुरांपासून वीतभर अंतरावर जलसंधारणासाठी खणलेला चर होता. चांगला हात-दीड हात खोल, काठ गवताने झाकलेले आणि तळाशी पावसाचे पाणी. त्या वेगात पाय आत गेला असता तर नळीचे हाड मोडले असते. त्यापुढे असेच आणखी अकरा चर मी पायी मोजले आणि तिला लगामाला धरून परत आणले.

आता थोडे जमिनीविषयी. मुरमाड माळ घोड्यासाठी सर्वांत चांगला. पावसानंतर दोन दिवसांत तो वाळतो आणि खुराला धक्काही फारसा देत नाही. काळ्या रानात पावसाळ्यात खुरांना चिखलाचे गोळे चिकटतात, तर उन्हाळ्यात पाय अडकेल इतक्या रुंद भेगा पडतात. तुरीची किंवा बाजरीची धसकटे उभी असलेल्या रानातून तर घोडा नेऊच नये. माझ्या मते या पट्ट्यात ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम असतो. भुलेश्वराच्या डोंगराखालून माळशिरस, राजुरी आणि रिसे-पिसे या गावांच्या शिवारांतून पांडेश्वराकडे येणाऱ्या वाटांचे काही तुकडे मला मिळाले आहेत, पण ते अजून सलग जोडता आलेले नाहीत. कोणाला त्या भागाची माहिती असल्यास कृपया लिहावे.

नीरथडी

लेख मनापासून आवडला. मी शेतकरी आहे आणि आमच्या शिवारातल्या एका पाणंदीसाठी दोन वर्षे तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, म्हणून या विषयाची दुसरी बाजू लिहितो.

नकाशात वाट आहे म्हणजे ती जमिनीवर मोकळी आहे, असे समजू नये. दोन्ही बाजूंचे बांध दरवर्षी नांगराच्या एकेका तासाने सरकत येतात आणि वीस फुटांची पाणंद पाच फुटांची होते. मग बाभळी वाढतात आणि शेवटी तिथून पाणीच तेवढे वाहते. सार्वजनिक रस्ते शासनाच्या मालकीचे असतात, हे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० मध्ये स्पष्ट आहे. त्याच संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून जो रस्ता मिळतो, तो मात्र शेतकऱ्याला आपल्या शेतापर्यंत पोहोचण्यासाठी दिलेला असतो. तिथून हौसेने घोडा नेण्याचा हक्क कोणाला आपोआप मिळत नाही. हे दोन प्रकारचे रस्ते जमिनीवर अगदी सारखे दिसतात, म्हणून आधी नकाशा पाहावा आणि बांधावरची वाट असेल तर विचारूनच पुढे जावे.

चालू वहिवाटीची वाट कोणी नव्याने अडवली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. तो अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. हा मार्ग गावातल्या माणसाने धरायचा असतो. बाहेरून आलेल्या स्वाराने वाद घालू नये.

माझी आणखी एक कळकळीची विनंती आहे. ठिबकच्या नळ्या जमिनीवर पसरलेल्या असतात. नाल मारलेल्या घोड्याचा एक पाय पडला की नळी फाटते, आणि ती फाटल्याचे शेतकऱ्याला दोन दिवसांनी, पाणी वाया गेल्यावर कळते. असे झाल्यास निघून न जाता वस्तीवर जाऊन सांगावे. रानडुकरांसाठी लावलेल्या झटका तारांचेही भान ठेवावे. त्या बारीक असतात आणि संध्याकाळच्या उजेडात दिसत नाहीत. बिनकठड्याच्या विहिरींविषयी आपण लिहिले नाही, पण आमच्याकडे चरांपेक्षा त्यांचीच भीती अधिक आहे.

करहाकाठ

@नीरथडी, विहिरींचा उल्लेख राहून गेला, ही माझी मोठी चूक आहे. मी पायी फिरताना बिनकठड्याच्या प्रत्येक विहिरीची खूण नकाशावर तांबड्या शाईने करतो आणि त्या खुणेच्या दोनशे पावलांच्या आत घोडी फक्त चालीवर, म्हणजे संथ पावलांवर, ठेवतो. ठिबकच्या नळ्यांविषयी आपण लिहिलेले शंभर टक्के मान्य आहे.

माळटिटवी

मी पक्ष्यांच्या नोंदी करते आणि याच माळरानांवर माझे बरेचसे आयुष्य गेले आहे. घोड्यावरून येणाऱ्या माणसांविषयी माझ्या मनात अढी नाही; मोटारसायकली आणि चारचाकी घेऊन माळ उखडणाऱ्यांच्या तुलनेत घोडा कितीतरी सौम्य आहे. तरीही काही गोष्टी सांगायलाच हव्यात.

सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर आहे आणि ते चिंकारांसाठी राखलेले आहे. तिथे घोडा घेऊन जाण्याचा विचार मनात आणू नये. अभयारण्याबाहेरचेही अनेक माळ वनखात्याचे आहेत. ते मोकळे आणि बेवारस दिसतात, कारण आपल्याला झाडे असली तरच जंगल ओळखता येते. पण गवताळ माळ हे स्वतंत्र आणि अतिशय जिवंत असे रान आहे. अशा जमिनीवर जाण्यापूर्वी वनपालांकडे चौकशी करून परवानगी घ्यावी.

चंडोल, धाविक आणि टिटवी हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. टिटवीची अंडी मुरमाच्या खड्यांत इतकी मिसळून गेलेली असतात की दोन पावलांवर उभे राहूनही ती दिसत नाहीत. मग घोड्यावर बसलेल्याला ती कुठून दिसणार? म्हणून मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत मळलेली वाट सोडून माळावर घोडा घालू नये. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर तिचे घरटे जवळ आहे असे समजून आल्या वाटेने मागे फिरावे. हिवाळ्यात लांडग्यांची पिल्ले बिळांत असतात. ओढ्याच्या काठाच्या घळीत ताजी माती उकरलेली दिसली, तर तिथे थांबू नये, छायाचित्रे काढू नयेत आणि ती जागा कोणाला सांगूही नये. धागालेखकांनी सांगितलेल्या काळात, म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी, ही शेवटची सूचना विशेष लागू आहे.

खरारा

मी पशुवैद्य आहे. वाट कशी शोधावी हे येथे छान लिहिले गेले आहे; ती वाट आपल्या घोड्याला झेपेल की नाही, हे कसे ठरवावे ते लिहितो.

विश्रांतीत प्रौढ घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. नवी वाट प्रथमच करताना मध्ये अर्धा तास थांबावे, तंग (खोगीर बांधणारा पट्टा) सैल करावा आणि डाव्या कोपराच्या मागे हात किंवा श्रवणयंत्र लावून ठोके मोजावेत. अर्ध्या तासानंतरही ठोके ६४ च्या खाली आले नसतील, तर त्या दिवसापुरती रपेट संपली असे समजून घोड्याला पायी परत न्यावे. वाट कितीही सुंदर असली तरी यात तडजोड करू नये.

वजनाबद्दल स्वारमंडळी बोलायला संकोचतात, म्हणून मीच बोलतो. स्वार, खोगीर आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांपेक्षा अधिक भार नसावा. आपल्याकडचे तट्टू ३०० किलोचे असेल तर ही मर्यादा ६० किलोवर संपते, आणि लांबच्या चढाच्या वाटेवर तर त्याहूनही कमी भार ठेवलेला बरा. भाड्याने घोडा देणारे हे स्वतःहून सांगत नाहीत. मागे एका ठिकाणी मला तपासणीसाठी बोलावले होते. तिथे पाठीवर दोन्ही बाजूंना जखमा असलेल्या घोडीवर दुहेरी घोंगडे टाकून तिला रपेटीला काढण्याची तयारी चालली होती. आपण घोडा भाड्याने घेत असाल तर खोगीर चढवण्यापूर्वी उघड्या पाठीवरून स्वतः हात फिरवावा आणि चारही खूर उचलून पाहावेत. मालकाने त्याला हरकत घेतली तर तिथे घोडा घेऊ नये.

घामाघूम घोड्याला पाणी देऊ नये, हा समज अजूनही पक्का रुजलेला आहे. घोड्याला तहान लागली असेल तर त्याला पिऊ द्यावे. थोडे पाणी, थोडी चाल, पुन्हा थोडे पाणी असा क्रम ठेवावा. घोड्याच्या घामातून मीठ फार जाते, म्हणून घरी परतल्यावर दाण्यात मीठ असावे. वाटेत कण्हेर आणि घाणेरी यांना तोंड लावू देऊ नये. कण्हेर तर थोडीशीसुद्धा जीवघेणी ठरते. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांचीही विषबाधा होते, तेव्हा खोडव्याच्या रानाजवळ लगाम आखूड धरावा. धनुर्वाताची लस दिलेली नसेल तर माळावर जाऊच नये, कारण खुरात काटा किंवा खिळा जाणे ही तिथे रोजची गोष्ट आहे आणि घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो. नालांची तपासणी सहा आठवड्यांनी व्हावी. नालबंद मिळणे कठीण झाले आहे हे मला ठाऊक आहे, पण त्याला पर्याय नाही.

लालमाती

आमच्या घरात तीन पिढ्यांपासून माथेरानला घोडे आहेत. आमच्याकडे दस्तुरीच्या पुढे मोटारी येत नाहीत, त्यामुळे घोडा हे आमच्यासाठी वाहनच आहे आणि वाटा शोधण्याचा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. वाटा जपायच्या कशा, हा प्रश्न मात्र रोज पडतो.

आमच्या वाटा जांभ्याच्या लाल मातीच्या. उन्हाळ्यात धूळ उडते; पावसात वरची माती वाहून जाते आणि खालचा जांभा उघडा पडून त्यावर शेवाळ धरते. अशा वेळी माझे आजोबा स्वाराला उतरवून घोडा मोकळ्या लगामाने पुढे सोडत आणि स्वतः त्याच्या पावलांवर पाऊल टाकत मागून चालत. घोडा कुठे पाय ठेवतो ते पाहूनच ते वाट ठरवत. आम्हालाही त्यांनी हेच शिकवले. उतारावर लगाम ओढून धरला की घोड्याला मान खाली घालता येत नाही, मग त्याला जमीन दिसत नाही आणि त्याचा तोल जातो. धागालेखकांच्या घोडीने चर ओळखला, तो कदाचित याचमुळे. लगाम आखडलेला असता तर तिला मान खाली घालता आली नसती.

गुळगुळीत फरशीच्या वाटा घोड्यासाठी वाईट असतात, हे आम्ही सोसले आहे. वाट सुधारली की ती माणसाला सोयीची होते, पण लोखंडी नालेला तिथे पकड मिळत नाही. आपल्या भागात पाणंदीचे खडीकरण होणार असेल, तर कडेला चार फूट मातीची पट्टी ठेवावी एवढी मागणी ग्रामसभेत जरूर करावी. बैलांनाही तिचा उपयोग होतो, त्यामुळे तिला कोणी विरोध करणार नाही असे वाटते.

ससेक्सवासी

मी अकरा वर्षे इंग्लंडच्या दक्षिणेला राहतो. येथे घोड्यासाठी कायद्याने राखलेल्या वाटा आहेत. १:२५,००० च्या नकाशावर त्या हिरव्या लांब तुटक रेषांनी दाखवतात, प्रत्यक्षात खांबावर निळा बाण असतो, आणि १९६८ च्या कायद्यापासून त्यांवर सायकलस्वारांनाही मुभा आहे. साउथ डाउन्स वे ही सुमारे १६० किलोमीटरची वाट घोड्यावरून पूर्ण करता येते. फाटक उघडले तर पुन्हा लावणे हा येथे शिष्टाचाराचा पहिला धडा असतो. घोड्यावर बसूनच फाटक उघडता यावे म्हणून त्याची कडी मुद्दाम उंच केलेली असते, आणि घोड्यालाही फाटकाशी आडवे उभे राहायला शिकवावे लागते.

हे सर्व वाचून मला जाणवले ते असे की, येथेही या वाटा आधी गाडीवानांच्या आणि मेंढपाळांच्याच होत्या. त्यांची नोंद होऊन ती जपली गेली, एवढाच फरक. आपल्या गावनकाशातली तुटक दुहेरी रेष मला फार ओळखीची वाटली.

नवस्वार

मी पुण्यात राहते आणि सहा महिन्यांपासून शिकते आहे. माझ्याकडे स्वतःचा घोडा नाही. मला यातले काय करता येईल?

करहाकाठ

@नवस्वार, यातले अर्ध्याहून अधिक काम घोड्याशिवायच होते. एखादे गाव निवडा, त्याचा गावनकाशा आणि स्थलनकाशा शेजारी ठेवा आणि एका रविवारी पायी निघा. घोड्याच्या उंचीचा विचार मात्र सतत मनात ठेवा. जमिनीपासून आठ फुटांपर्यंत बाभळीची फांदी आडवी येते का, विजेची तार किती खाली झोळली आहे, घोडे वळवायला जागा आहे का, वस्तीवरची कुत्री बांधलेली आहेत की मोकळी, हे सर्व लिहून ठेवा. घोडा कोणाचा घ्यायचा यासाठी @खरारा यांनी उघड्या पाठीविषयी जे लिहिले आहे ते दोनदा वाचा. पहिली रपेट आठ-दहा किलोमीटरची, बहुतेक चालीवरची आणि अनुभवी सोबत्याबरोबरच असावी.

@लालमाती, मोकळ्या लगामाचे आपण लिहिलेत आणि मला ती सकाळ पुन्हा आठवली. त्या दिवशी माझ्या हातात लगाम खरोखरच सैल होता. त्यामागे माझे शहाणपण काही नव्हते. मी डाव्या हाताने टोपी सावरत होतो.

नीरथडी

धागालेखकांनी पांडेश्वराकडच्या तुकड्यांविषयी विचारले होते. माझे एक नातलग त्या भागात आहेत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गावनकाशातला गाडीमार्ग ओढ्यापर्यंत मोकळा आहे, पुढे काट्यांनी बंद आहे. त्यांच्याशी बोलून ठेवतो. आपण पायी या.

करहाकाठ

काल जाऊन आलो. @नीरथडी यांचे नातलग पहाटेच वाटेवर येऊन थांबले होते. ओढ्यापर्यंतची पाणंद अपेक्षेपेक्षा चांगली निघाली. मुरमाची, दोन्ही कडांना निवडुंग आणि मध्ये बैलगाडीच्या चाकोऱ्या अजून स्पष्ट दिसणाऱ्या. ओढ्यापलीकडे सुमारे तीनशे पावले वाट बाभळीच्या काटेरी फांद्यांनी बंद केलेली होती. शेजारच्या आजींना विचारले तेव्हा कळले की रात्री मोटारसायकली घालून कोणी शेळ्या चोरू नयेत म्हणून त्यांनीच ती बंद केली होती. घोड्याला त्यांची हरकत नव्हती. काटे बाजूला करण्याऐवजी त्यांच्या बांधाच्या कडेने जावे आणि जाताना हाक मारावी, असे त्यांनी सांगितले. तिथे तीन विहिरी आहेत, त्यांपैकी दोन बिनकठड्याच्या. दोन टिटव्या दिसल्या, पण त्या ओरडल्या नाहीत. पाणी ओढ्याच्या बंधाऱ्यात आहे आणि नातलगांच्या मते ते जानेवारीअखेरपर्यंत टिकते.

आता राजुरीच्या बाजूचा एक तुकडा तेवढा राहिला आहे. पुढच्या रविवारी तोही पायी करणार आहे. सोबत यायचे असल्यास @नवस्वार यांनी आणि इतरांनीही येथेच कळवावे. सकाळी साडेसहाला निघू, पाणी आणि भाकरी आपापली आणावी.